नाही म्हणा, पण लिहून द्या

गेल्या आठवड्यात कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर, म्हणजे म्हशीची धार समोरच ग्लासात काढून देतात तिथं, उभे होतो, रात्रीचे साडेदहा वाजले असतील, आणि विषय निघाला एका संस्थेनं आपल्याच सभासदाला काढून टाकल्याचा. झालं, दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणतोय संस्थेची अब्रू वेशीवर टांगणाऱ्याला ठेवायचाच कशाला, शिस्त पाहिजे का नको? दुसरा म्हणतोय ही हुकूमशाही हाय, सभासद म्हणजे मालक, मालकाला कोण काढणार? ग्लास रिकामे झाले, म्हशी परत निघाल्या, तरी वाद मिटेना. आणि तेवढ्या वेळात एकानंही विचारलं नाही की त्याला काढलं कसं. नोटीस दिली होती का? त्याला बोलू दिलं का? कारण कागदावर आहे का? काढलं ते बरोबर का चूक, एवढ्यावरच सगळे तुटून पडले होते, आणि मला वाटतं हा वाद आपण सगळीकडे असाच घालतो, म्हणून तो कुठंच पोचत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. माणसाला काढणं, दावा फेटाळणं, एखादा विचार नाकारणं यात मुळात काही पाप नाही. नाही म्हटल्याशिवाय ना तालीम चालते, ना कोर्ट, ना विद्यापीठ, ना घर. पण नाही म्हणायचं असेल तर ऐकून घेऊन म्हणा, कारण लिहून द्या आणि परत यायची एक वाट ठेवा. सगळ्यात वाईट नकार तो, जो कधी दिलाच जात नाही. तोंडावर दार आपटलं तर निदान कळतं तरी की दार बंद झालं. पण दार अर्धवट उघडं ठेवून आतून कुणी ओच देत नाही, तेव्हा माणूस आयुष्यभर उंबऱ्यावर उभा राहतो. आणि आपला सगळा राग मात्र आपटलेल्या दाराच्या आवाजावर निघतो.

आपल्या भाषेत या प्रकारांना किती शब्द आहेत बघा. हाकलणं वेगळं, काढून टाकणं वेगळं, बडतर्फ करणं वेगळं, वाळीत टाकणं तर त्याहून वेगळं. दावा फेटाळतात, निकाली काढतात, बासनात गुंडाळतात. विचार खोडून काढतात किंवा उडवून लावतात किंवा हसण्यावारी नेतात. माणसाला वाटाण्याच्या अक्षता लावतात, अर्जाला केराची टोपली दाखवतात. यातला 'खोडून काढणं' आणि 'उडवून लावणं' हा फरक मला फार मोलाचा वाटतो. खोडायचं तर आधी वाचावं लागतं, कुठली ओळ चुकली ते शोधावं लागतं. उडवून लावायला फक्त हात हलवावा लागतो. आणि सरकारी भाषेत एक शब्द आहे जो या सगळ्यांचा बाप आहे, 'दप्तरी दाखल'. अर्ज मंजूर नाही, नामंजूर पण नाही, दप्तरी दाखल. म्हणजे तो आहे, सुखरूप आहे, फक्त आता तो कुणीही वाचणार नाही.

माझ्या मामांचं सांगतो, त्यांना सगळा गाव तात्या म्हणतो. चार म्हशी आहेत, पहाटे पाचला किटली घेऊन संस्थेत जाणारा माणूस. तीन वर्षांमागं दूध संस्थेच्या वार्षिक सभेला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. देवळासमोर मांडव, पुढं हार घातलेले फोटो, सचिव माइकवर वाचायला लागला, "विषय नंबर एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे," आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या रांगेतनं "मंजूर, मंजूर!" सात विषय दहा मिनिटांत मंजूर. तात्या उभे राहिले, टोपी सारखी केली आणि दोनच गोष्टी विचारल्या, दर फरक, म्हणजे वर्षाअखेर मिळणारी दुधाच्या दरातली फरकाची रक्कम, गेल्या वर्षीपेक्षा कमी का आला आणि दुधाचं फॅट मोजायचं मशीन शेवटचं तपासलं कधी. अध्यक्ष चिडले नाहीत, उलट हसले. "तात्या, प्रश्न बरोबर हाय तुमचा, लेखी द्या." तात्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडनं अर्ज लिहून घेतला, सही केली, सचिवाच्या टेबलावर ठेवला. सचिवानं तो उचलून रजिस्टरखाली सरकवला. तात्या म्हणाले, पोच द्या. तर तो म्हणाला, "आता काय तात्या, घरातलीच संस्था, पोच कसली मागताय?" त्या अर्जाला आजतागायत उत्तर नाही. पुढच्या वर्षी सभेची नोटीस घरी आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. शेअरची पावती ट्रंकेत आहे, पासबुक आहे, रोजचं दूध जातंय, म्हणजे तात्या सभासद आहेतच. कुणीही त्यांना काढलेलं नाही.

आता कट्ट्यावर ज्याच्यावरनं भांडण झालं त्या सभासदाचं बघा. त्याच्या हातात निदान ठराव आहे. महाराष्ट्राचा सहकार कायदा १९६० चा, त्याचं कलम ३५ सांगतं की सभासदाला काढायचं तर त्यासाठी बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत हजर आणि मताचा हक्क असलेल्या सभासदांच्या तीन-चतुर्थांश बहुमतानं ठराव पाहिजे, त्याला सभेपुढं बाजू मांडायची संधी दिली पाहिजे, आणि सहकार खात्याच्या निबंधकानं मान्यता दिल्याशिवाय तो ठराव लागू होत नाही. म्हणजे त्याला भांडायला जागा आहे. यातली एक पायरी जरी संस्थेनं गाळली असेल तर तो उद्या उभा राहून विचारू शकतो. तात्यांनी कशाविरुद्ध अपील करायचं? न आलेल्या नोटिशीविरुद्ध? रजिस्टरखालच्या कागदाविरुद्ध?

हे काही आजचं नाही, आणि कोल्हापूरकराला तर हे शिकवायला नको. १८९९ साली कार्तिक महिन्यात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जायचे तेव्हा काय झालं ते आपण शाळेपासून ऐकतो, पण त्यातली एक गोष्ट आपण नीट ऐकत नाही असं मला वाटतं. भटजींनी महाराजांना तोंडावर नकार दिलेला नव्हता. मंत्र चालू होते, पाणी पडत होतं, विधी होत होता. तिथं राजारामशास्त्री भागवत होते म्हणून त्यांच्या कानानं टिपलं की हे वेदोक्त, म्हणजे वेदांतले नाहीत, खालच्या मानाचे पुराणोक्त मंत्र चाललेत. मग विचारणा झाली आणि तेव्हा कुठं ते बाहेर आलं की शूद्राला पुराणोक्तच. विचार करा, छत्रपती असलेल्या माणसाला, त्याच्याच राज्यात, त्याच्याच नदीवर, न सांगता खालच्या पायरीवर उभं केलं होतं आणि संस्कृतचा एक जाणकार शेजारी नसता तर ते असंच चालू राहिलं असतं. राजाची ही गत, तर ज्याच्या शेजारी कुणीच जाणकार नाही त्याची काय?

आणि मग महाराजांनी काय केलं ते बघा. राजा होते, एका हुकमात राजोपाध्यांना, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांना, घरी बसवता आलं असतं. पण वेदोक्त विधी करा असं सांगून पाहिलं, समिती नेमली, तिचं मत घेतलं आणि मग १९०२ मध्ये राजोपाध्यांची वतनं जप्त केली. राजोपाध्ये त्याविरुद्ध वर गेले, मुंबई सरकारकडं, व्हाइसरॉयपर्यंत, आणि हरले. त्यांना वर जाता आलं, कारण जे झालं ते हुकूम काढून, कारण सांगून झालं होतं. एका बाजूनं नदीच्या पाण्यात गुपचूप केलेला नकार, दुसऱ्या बाजूनं सही-शिक्क्याचा नकार. दोघांनीही नाकारलंच की! पण या दोन्हींना एकाच मापानं मोजणारा माणूस मला अजून भेटायचाय.

गंगाराम कांबळेंच्या हॉटेलचं पण तसंच. भाऊसिंगजी रोडवर त्यांनी महाराजांच्या मदतीनं 'सत्यसुधारक' हॉटेल काढलं, कपबशा चकचकीत, चहा चांगला, आणि गिऱ्हाईक येईना. कुणी सभा घेतली नव्हती, कुणी बहिष्काराचा ठराव केला नव्हता. लोक फक्त पुढं जात होते. अशा नकाराला काय उत्तर देणार, कुठल्या कोर्टात जाणार? महाराजांनी तिथं गाडी थांबवून स्वतः चहा घ्यायला सुरुवात केली, बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. न बोलता केलेल्या बहिष्काराला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घेतलेला चहाचा घोट हेच उत्तर होतं. पण प्रत्येक गंगारामला शाहू महाराज मिळत नाहीत, म्हणून तर कागद लागतो.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य केलं पाहिजे, आणि त्यात बरंच खरं आहे. पहिलं म्हणजे वेळ. दावा करायला एक मिनिट लागतं, खोडायला महिना. प्रत्येकाचं ऐकत बसलं तर काम कधी करायचं? हे मला पटतं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं १७७५ मध्येच ठरवून टाकलं होतं की आपोआप कायम चालणाऱ्या यंत्राचे आणि वर्तुळाचा चौरस करण्याचे, म्हणजे वर्तुळाएवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस काढून दाखवण्याचे, दावे यापुढं तपासणार नाही. वरवर बघितलं तर हे उडवून लावणंच झालं. पण त्यांनी ते जाहीर केलं, कुठले विषय ते नाव घेऊन सांगितलं. त्यामुळं माणसाला पुढं काय करायचं ते कळतं, तो अकादमीच्या दारात म्हातारा होत नाही. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्या असं मी म्हणतच नाही, एक छापील कागद दारावर लावला तरी चालेल, पण लावा.

आणि जिथं वेळ काढून खोडलं जातं तिथं काय होतं ते पण बघा. वैमानिक शास्त्र नावाचा ग्रंथ प्राचीन आहे, त्यात विमानं आहेत, असा दावा आपल्याकडं अजून फिरतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये तो हसण्यावारी न नेता वाचला, त्यातली भाषा तपासली, आकृत्या घेतल्या, वजन, रचना सगळं बघितलं आणि लिहिलं की हा मजकूर विसाव्या शतकातला आहे आणि असली यंत्रं उडणार नाहीत. आज माझ्याशी कुणी त्यावर वाद घातला तर मला "तू अडाणी" म्हणावं लागत नाही, मी म्हणतो हे वाच आणि यातलं काय चुकलं ते सांग. उलट नुसतं हसून सोडलेला दावा मरत नाही, तो अपमान गिळून वाढतो, आणि दहा वर्षांनी परत येतो तेव्हा त्याच्याबरोबर "आमचं कुणी ऐकलंच नाही" ही तक्रार असते, आणि ती तक्रार खरी असते. खोट्या दाव्याला खऱ्या तक्रारीचं बळ कशाला द्यायचं?

आणि ऐकून घेतल्याचा फायदा बघायचा तर लांब जायला नको. डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते, विंचवानं डसलेले पेशंट डोळ्यांदेखत जात होते आणि ते एकेक लक्षण लिहून ठेवत होते. ते निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकानं छापलं. आता खेड्यातला एक डॉक्टर, ना मोठं कॉलेज, ना लॅब. लिहितोय कोण एवढंच बघितलं असतं तर पाकीट उघडायचीसुद्धा गरज नव्हती.

याच्या नेमकं उलटं आपल्याच देशात त्याच्या थोडंच आधी झालं आणि ते वाचताना मला दरवेळी गलबलून येतं. कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ ला टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली, जगातली पहिली होऊन दोन-सव्वादोन महिनेच झाले होते. राज्य सरकारनं चौकशी समिती नेमली. समितीतल्या कुणीही या विषयात स्वतः काम केलेलं नव्हतं, आणि त्यांनी दावा खोटा ठरवला. इथं कुणीही मला अडवेल की बघ, इथं तर समिती होती, अहवाल होता, लिहूनच दिलं होतं की, मग तुझ्या कागदानं काय वाचवलं? बरोबर आहे. कागद न्याय देईलच अशी खात्री नाही. आणि माझ्या तीन अटींतली पहिलीच तिथं मोडली होती, ज्यांना कळत नव्हतं त्यांच्यापुढं बोलायला लावणं म्हणजे ऐकून घेणं नव्हे. पण पुढं काय झालं ते पण बघा. अहवालाशी भांडता येतं, पण या माणसाची बदली केली नेत्ररोग संस्थेत. बदलीच्या ऑर्डरमध्ये कुणी लिहितं का, की तुझं काम आम्हाला नको आहे म्हणून? जून १९८१ मध्ये त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. १९९७ मध्ये डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी, ज्यांच्या नावावर १९८६ ची देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी होती, मुखोपाध्याय यांच्या हातच्या नोंदी वाचल्या आणि स्वतः सांगितलं की पहिले ते, मी नव्हे. त्या माणसाच्या मोठेपणापुढं हात जोडावेत. पण ते शक्य झालं कारण नोंदी उरल्या होत्या. बदलीनं जे हिरावलं ते कुणालाच परत देता आलं नाही.

दुसरा मुद्दा, आणि हा जास्त अवघड आहे, की काही माणसांना लगेच बाहेर काढावंच लागतं. तालमीत एखादा पोरींना त्रास देत असेल, संस्थेत कुणी पैसे खात असेल, तर तीन-चतुर्थांश बहुमताची वाट बघत बसायची का? नाही, अजिबात नाही. पण त्यासाठी निलंबन आहेच. आज बाजूला हो, चौकशी होऊ दे. सरकारी नोकरीत तर संविधानाच्या कलम ३११ नं हे स्पष्ट केलंय, आरोप सांगितल्याशिवाय आणि बाजू मांडू दिल्याशिवाय काढता येत नाही, थोडे अपवाद सोडले तर. तिथं सेवेतून काढून टाकणं आणि बडतर्फ करणं यातसुद्धा फरक आहे, काढून टाकलेल्याला पुढं सरकारी नोकरीचा रस्ता बंद होतोच असं नाही, बडतर्फ झालेल्याला साधारणपणे होतो. म्हणजे शिक्षेलासुद्धा पायऱ्या असतात. आणि झटपट हाकलण्याचा खरा तोटा कुणाला माहितीये का? ज्या पोरीनं तक्रार केली तिला. चौकशी न करता काढलेला माणूस चार महिन्यांनी "माझ्यावर अन्याय झाला" म्हणत परत येतो, आणि तिच्या बाजूनं कागदावर एक ओळही नसते.

तिसरा मुद्दा आपल्याकडचा खास, की बाबा चारचौघांत कशाला त्याचा पाणउतारा करायचा, हळूच बाजूला करू, त्याचीही अब्रू राहील. हे बोलणारी माणसं चांगली असतात, मनापासून बोलतात, म्हणून हा मुद्दा मला सगळ्यात जड जातो. पण ज्याला बाजूला केलं त्याला कधी विचारलंय का? निमंत्रण यायचं बंद होतं, फोन उचलले जात नाहीत, समोर आला की गप्पा थांबतात, आणि तो रात्र रात्र आठवत बसतो की आपलं चुकलं काय. अब्रू त्याची राहत नाही, अवघडलेपण आपलं वाचतं. वाळीत टाकणं यापेक्षा वेगळं काय असतं? महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, ते उगाच नाही. आणि एक गोष्ट मला कायम खटकते. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे, टिळक वगैरेंवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकायची कारवाई, आलं, आज आपल्याला तो प्रकार किती संकुचित वाटतो. पण त्यातसुद्धा आरोप काय ते माहीत होतं, चौकशी झाली, प्रायश्चित्त घेऊन परत यायची सोय होती. प्रायश्चित्त घ्यावं का हा वेगळा वाद, मी असतो तर घेतलं नसतं. पण आज व्हॉट्सॲप ग्रुपवरनं न विचारता काढलेल्या माणसाला तेवढीही वाट नसते, आणि आपण स्वतःला त्यांच्यापेक्षा पुढारलेले समजतो.

विचारांचं काय होतं यावर फार लिहीत नाही, कारण ते रोज दिसतंय. आमच्या जिल्ह्यात तर कुणी काहीही मांडलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या गटाचा हाय?" गट कळला की मुद्दा ऐकायची गरज संपली. पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती लोकांनी. आता तेवढे कष्ट पण कुणी घेत नाही, एक शिक्का मारला की काम झालं.

पण मागण्यांचं थोडं बोलायलाच पाहिजे. कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच पाहिजे ही मागणी चाळीस वर्षांहून जास्त जुनी, सहा जिल्ह्यांचे वकील, मोर्चे, उपोषणं, कामबंद. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं आणि आपण पेढे वाटले, वाटायलाच पाहिजे होते. पण एवढ्या वर्षांत आपल्या कानावर सगळ्यात जास्त पडलेला शब्द होता 'विचाराधीन'. कधी 'सकारात्मक'. या दोन शब्दांत अख्खी एक पिढी, तारखेला मुंबईच्या गाडीत बसून म्हातारी झाली. सुरुवातीलाच कुणी "या या कारणासाठी जमत नाही" असं लिहून दिलं असतं तर ते कारण दूर करायला आपण तेव्हाच लागलो असतो, नाही का?

आणि हे जमण्यासारखं आहे, मी काही स्वप्न सांगत नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात हे करूनच ठेवलंय. अर्ज नाकारला तर कारण आणि अपील कुणाकडं करायचं ते सांगावं लागतं. आणि ३० दिवसांत काहीच उत्तर दिलं नाही तर तो नकार समजला जातो, म्हणजे तुमचा अपिलाचा रस्ता मोकळा. गप्प बसणाऱ्याच्या गप्प बसण्यालाच उत्तर मानलं! सहकार कायद्यात तर याच्या पुढची गोष्ट आहे, सभासदत्वाच्या अर्जावर संस्थेनं तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानायचं. म्हणजे आत घेताना गप्प बसायची सोय कायद्यानं काढून घेतली. मग आत असलेल्याचं ऐकताना ती सोय कशी काय चालते? प्रत्येक संस्थेच्या पोटनियमात एवढी एकच ओळ घाला, सभासदाच्या लेखी प्रश्नाला तीस दिवसांत लेखी उत्तर, नाही दिलं तर तो प्रश्न पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आपोआप पहिला. अध्यक्षांना "नाही सांगणार" असं लिहायचं असेल तर लिहू देत, मला चालेल, तात्यांनाही चालेल.

सप्टेंबर संपायच्या आत सगळ्या संस्थांच्या सभा व्हायच्या आहेत. आमच्या मामांच्या गावातला फ्लेक्स लागलाय, नोटीस यंदाही घरी आलेली नाही, तारीख फ्लेक्सवरनंच कळली. शेवटचा विषय नेहमीचाच, मा. अध्यक्षसो यांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयावर चर्चा करणे. तात्यांनी मला काल फोन करून सांगितलं, तोच अर्ज परत लिही, दोन प्रती काढ, आणि दुसरीवर खाली डाव्या बाजूला शिक्क्यापुरती जागा सोड.